पूरबोटींच्या टिल्ट मोटारी पावसाआधी उघडून पाहाव्यात

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मे महिना सरत आला की आपल्या दैनिकात तालुक्या-तालुक्यांतील पूरपूर्व बैठकांच्या बातम्या येऊ लागतात. निवारा केंद्रे, औषधांचा साठा, जनावरांचा चारा यांच्या जोडीला 'इतक्या बोटी सज्ज' हे वाक्यही त्यांत ठरलेले असते. निपाणी भागात गेली अठ्ठावीस वर्षे मोटार रिवाइंडिंगचे, म्हणजे मोटारींतल्या तारा पुन्हा गुंडाळून देण्याचे, दुकान चालवणारा एक कारागीर म्हणून मला या 'सज्ज' शब्दाविषयी काही सांगायचे आहे. नदीकाठच्या गावांतून ज्या बोटींसाठी मला बोलावणे आले, त्यांपैकी बहुतेकींचे इंजिन दोरी ओढताच किंवा चावी फिरवताच सुरू होत होते, पण तरीही त्या बोटी पाण्यात उतरू शकत नव्हत्या. इंजिन वर-खाली करणारी, तांब्याएवढ्या आकाराची टिल्ट मोटार बंद पडलेली, हे त्याचे कारण होते.

ज्यांनी अशी बोट जवळून पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. पूरबोटीचे इंजिन बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून टांगलेले असते. त्याचा लांब पाय पाण्यात बुडतो आणि पायाच्या टोकाला पंखा असतो. लहान इंजिन एक-दोन माणसे हाताने तिरके करून उचलू शकतात. चाळीस अश्वशक्तीच्या इंजिनाचे वजन मात्र शंभर किलोच्या आसपास जाते, म्हणून त्याच्या ब्रॅकेटमध्येच उचलण्याची सोय केलेली असते. वर १२ व्होल्टची डी.सी. मोटार, तिच्याखाली छोटा गिअर पंप, त्यात तेल आणि तेलाच्या दाबाने पुढे-मागे सरकणारे दांडे, अशी ही रचना आहे. बटण वरच्या बाजूला दाबले की मोटार एका दिशेने फिरते, पंप तेल दांड्यांखाली ढकलतो आणि इंजिनाचा पाय पाण्याबाहेर येतो. खालच्या बाजूला दाबले की मोटार उलटी फिरते आणि पाय पुन्हा पाण्यात जातो. मोटारीला लागणारा करंट बटणाला सोसवणारा नसतो, त्यामुळे मध्ये दोन रिले (विजेवर चालणारे स्विच) बसवलेले असतात, एक वर जाण्यासाठी आणि दुसरा खाली येण्यासाठी.

समुद्रात किंवा धरणाच्या खोल पाण्यात हे उचलणे दिवसातून दोनदा, बोट काठाला लावताना आणि काढताना, केले तरी भागते. आमच्याकडे तसे नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे पूर ज्यांनी पाहिले त्यांना ठाऊक आहे की, कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा यांचे पाणी पात्र सोडून मैल-मैल शिवारात पसरते. कल्लोळ-यडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज हे बंधारे पाण्याखाली गेले की मळ्यांतल्या वस्त्यांकडे जाणारी बोट उभ्या उसावरूनच न्यावी लागते. पाणी कुठे पुरुषभर, तर दहा हातांवर गुडघाभर. खाली बांध असतो, ठिबकच्या नळ्या असतात, विजेच्या खांबाच्या ताणाच्या तारा असतात आणि उसाचा पाला तर पंख्याभोवती दोरासारखा आवळून बसतो. अशा ठिकाणी नावाड्याला घटकेघटकेला इंजिनाचा पाय अर्धा वर घ्यावा लागतो. आमचे आजोबा गुऱ्हाळाच्या काहिलीतून बांबूच्या आधाराने माणसे काढत असत. काहिलीचा तळ बांधाला घासला तरी बिघडण्यासारखे काही नव्हते. इंजिनाच्या बोटीला ती मुभा नाही. पाय खालीच अडकलेली बोट ट्रेलरवरून उतरवताना रस्त्याला घासते, आणि पाय वर अडकलेली बोट पाण्यात उतरली तरी पंखा हवेत फिरतो.

काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात दूधगंगेकाठच्या एका गावातून संध्याकाळी फोन आला. पलीकडून बोट चालवणारा तरुण सांगत होता, "मामा, बटण दाबलं की टक्क करतंय, खरं हलंना झालंय." पाणी अजून पात्रात होते, पण कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आलेली होती. मीटर आणि पान्ह्यांची पेटी घेऊन मी गेलो. शाळेच्या पटांगणात ट्रेलरवर बोट उभी होती, वर प्लास्टिकचा कागद टाकलेला आणि इंजिनाचा पाय पूर्ण खाली.

या तरुणाने फोनवर सांगितलेल्या 'टक्क' आवाजातच निम्मे निदान होते, आणि बोट सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यावे असे मला वाटते. बटण दाबल्यावर रिलेचा आवाजच येत नसेल तर दोष बटण, फ्यूज, अर्थची तार किंवा बॅटरी यांत शोधावा. मोटारीला हात लावण्याचे कारण नाही. रिले वाजतो पण मोटार फिरत नाही, तेव्हा मोटारीच्या तारांवर मीटर लावून बटण दाबावे. तेथे व्होल्टेज पोहोचत नसेल तर रिलेचे संपर्क जळलेले असतात किंवा जोड गंजलेले असतात. मी मीटर लावले तेव्हा मोटारीच्या तोंडाशी १२.५ व्होल्ट मिळाले आणि बटण दाबून धरले असतानाही बॅटरीचा आकडा जागचा हलला नाही. मोटार अडकून बसलेली असती तर तिने भरमसाट करंट ओढला असता आणि आकडा झपाट्याने खाली आला असता. आकडा स्थिर राहिला, याचा अर्थ करंट वाहतच नव्हता आणि मोटारीच्या आत सर्किट तुटलेले होते. शंका राहू नये म्हणून मोटारीच्या दोन्ही तारा सोडवून त्यांना बॅटरीवरून थेट पुरवठा दिला, मग तारा उलटसुलट करून पुन्हा दिला. दोन्ही वेळा मोटार मुकी राहिली.

मोटार काढण्यापूर्वी इंजिन वर घेऊन आधार लावणे आवश्यक असते, कारण वर उचललेले इंजिन तेलाच्या दाबावर उभे असते. आधार न लावता पंपाचे बोल्ट ढिले केले तर ते वजन खाली काम करणाऱ्याच्या हातावर येते. बिघडलेल्या मोटारीने इंजिन वर घ्यायचे कसे, हा प्रश्न त्या तरुणाने विचारला. ब्रॅकेटच्या बाजूला, एका छिद्राआड, हाताने सोडण्याचा झडप-स्क्रू असतो. तो घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने, कंपनीच्या पुस्तिकेत सांगितले असेल तेवढाच, सैल केला की तेलाला वाट मिळते आणि दोन माणसे इंजिन हाताने वर उचलू शकतात. मग टिल्टचा खटका लावायचा आणि स्क्रू पुन्हा घट्ट करायचा. तो पूर्ण बाहेर काढला तर तेल वाहून जाते, आणि सैलच राहिला तर बोट मागे घेताना इंजिन आपोआप पाण्याबाहेर उसळते. हा स्क्रू त्या बोटीवर पहिल्या दिवसापासून होता. चार वर्षे बोट सांभाळणाऱ्या कोणालाही तो कोणी दाखवलेला नव्हता. मला त्या संध्याकाळी मोटारीच्या बिघाडापेक्षा या गोष्टीचे अधिक वाईट वाटले, कारण पुराच्या मध्यात मोटार बंद पडली असती तर एका स्क्रू-ड्रायव्हरने बोट सोडवता आली असती.

मोटार दुकानात आणून उघडली. उघडण्यापूर्वी वरचे झाकण, मधले कवच आणि खालचा भाग यांच्यावर खुणेच्या रेघा ओढून घेतल्या, कारण या मोटारीच्या कवचात आतून चिकटवलेली कायमची चुंबके असतात आणि कवच फिरवून बसवले तर मोटार उलटी फिरू लागते किंवा ताकद हरवते. झाकण निघाले तेव्हा आतून तांबड्या मातीसारखा गंजाचा भुगा टेबलावर पडला. झाकणाखालची ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, चपटी होऊन कडक झाली होती आणि तिच्या बाजूने पाणी आत गेल्याची वाट स्पष्ट दिसत होती. मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे दोन्ही ब्रश त्यांच्या घरात अडकून बसले होते, एका बाजूची स्प्रिंग निळी पडून नरम झालेली आणि ब्रश धरणारी प्लास्टिकची चकती वितळून वाकलेली होती.

ते कार्बन मी चिमट्याने काढून खिडकीशी नेले आणि कारण कळले. ते काळेभोर होते. १२ व्होल्टच्या मोटारीचा ब्रश तांब्याची पूड मिसळून केलेला असतो. उजेडात धरला की त्याला तांबूस झाक दिसते. या मोटारीतून भार पडताच तीस-चाळीस अँपिअरच्या घरात करंट जातो आणि तेवढा करंट जाऊ देण्यासाठी ब्रशचा स्वतःचा अवरोध अगदी कमी असावा लागतो. मिक्सर किंवा ड्रिल मशीनचा कार्बन २३० व्होल्टसाठी असतो, तेथे करंट थोडा असतो, म्हणून त्यात तांबे नसते. आदल्या वर्षी कोणीतरी मिक्सरचे कार्बन घासून, मापात आणून या मोटारीत बसवले होते, आणि झाकण लावताना जुनीच ओ-रिंग वापरली होती. मोटार काही महिने चालली असेल, पण मंद आणि गरम. ज्याने ते काम केले त्याचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. बोटीच्या मोटारीचे ब्रश आपल्या बाजारात मिळत नाहीत आणि माणूस हाताशी असेल त्यावर वेळ भागवतो. तरीही व्यवसायबंधूंना माझी कळकळीची विनंती आहे की, ब्रशचे माप जुळले म्हणून तो बसवू नये. मोटारगाडीच्या सेल्फ-स्टार्टरचा तांबे-मिश्रित ब्रश आणून तो घासून मापात बसवता येतो, आणि मी तसेच केले. वितळलेल्या चकतीच्या जागी हायलमच्या वीजरोधक पत्र्यातून नवी चकती कापली.

आर्मेचर, म्हणजे तारा गुंडाळलेला फिरता भाग, सुदैवाने शाबूत होते. ब्रश ज्यावर टेकतात त्या कॉम्युटेटरच्या प्रत्येक पट्टीपासून शाफ्टपर्यंत मीटर लावून पाहिले, कोठेही जोड दाखवला नाही. ग्राउलर या आर्मेचर तपासण्याच्या चुंबकीय साधनावर ठेवून हॅक्सॉचे पाते फिरवले, ते कोणत्याही खाचेवर थरथरले नाही. म्हणजे वायंडिंग जळलेले नव्हते, आतल्या आत शॉर्टही नव्हते. कॉम्युटेटर मात्र काळा पडून त्यावर खळगे झाले होते, म्हणून लेथवर केसभर साल काढली, पट्ट्यांमधले अभ्रक घासून पातळ केलेल्या पात्याने अर्धा मिलिमीटर खाली घेतले आणि शेवटी बारीक काचपेपरने पुसून काढले. येथे एमरी पेपर वापरण्याची सवय अनेकांना आहे, ती सोडावी. त्याचे कण पट्ट्यांमध्ये रुतून बसतात आणि ब्रश खातात. शाफ्टचे ऑइल सील आणि झाकणाची ओ-रिंग नवी घातली. पंपाच्या बाजूचे सील गळू लागले की तेल मोटारीत चढते आणि ब्रशवर काळा चिखल जमतो, त्यामुळे मोटार उघडली असताना सील बदलण्यात कसूर करू नये. ब्रश मागे धरून ठेवण्यासाठी मऊ तारेचे दोन आकडे करावे लागतात, कारण आर्मेचर आत सोडताना चुंबके ते एका झटक्यात ओढून घेतात आणि सावध नसलेल्या माणसाचे बोट मध्ये सापडते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोटार जागेवर बसवली, पुस्तिकेत सांगितलेले तेल भरले, इंजिन चार-पाच वेळा पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन आतली हवा बाहेर पडू दिली आणि इंजिन पूर्ण वर असताना तेलाची पातळी पुन्हा पाहिली. चौथ्या खेपेला दांडे धक्का न देता सरळ वर गेले. बोट त्याच रात्री गावाबाहेरच्या वस्तीवर गेली.

या कामात नवीन भाग म्हणावे असे ब्रश, सील आणि ओ-रिंग एवढेच होते. मोटार-पंपाचा नवा संच बाहेरगावाहून मागवण्याचा सल्ला त्या गावाला आधी मिळाला होता आणि तो यायला पंधरा दिवस लागणार होते. पंधरा दिवसांत पूर येऊन ओसरतो. प्रत्येक मोटार अशी वाचते असा माझा दावा नाही. दुसऱ्या एका गावातून आलेल्या मोटारीवर ती 'मोकळी व्हावी' म्हणून कोणी हातोडीचे ठोके मारले होते. आतले एक चुंबक फुटून त्याचे तुकडे आर्मेचरला चिकटले होते आणि वायंडिंग खरवडून निघाले होते. ही चुंबके मातीच्या कौलासारखी ठिसूळ असतात. चुंबक अखंड असून नुसते सुटले असेल तर गंज खरवडून, दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करून दोन भागांच्या इपॉक्सीने ते त्याच जागी, त्याच तोंडाने बसवता येते आणि दिवसभर वाळू दिले की धरून राहते. फुटलेल्याला उपाय नाही, कवचच बदलावे लागते. जुन्या धाटणीच्या काही मोटारींना तीन तारा असतात, त्यांत चुंबकांऐवजी कॉइल असतात, आणि त्या आम्ही सबमर्सिबल पंपाच्या मोटारीइतक्याच सहजपणे रिवाइंड करतो.

गोव्याहून एकदा बोटींची इंजिने बनवणाऱ्या व्होल्वो पेंटा कंपनीच्या जुन्या २८० क्रमांकाच्या ड्राइव्हची उचल-मोटार माझ्याकडे आली होती. त्या रचनेत तेल आणि पंप नसतातच, इलेक्ट्रिक मोटार वर्म गिअर फिरवून ड्राइव्हचा पाय उचलते. आमच्या नद्यांवर असे ड्राइव्ह नाहीत, तरी ती उघडल्यावर दिसलेले चित्र ओळखीचेच होते : कडक झालेले सील, आत पाणी, अडकलेले ब्रश.

ही सारी यंत्रे वापरून झिजली असती तर मी हे पत्र लिहिले नसते. मी उघडलेल्या पूरबोटींच्या मोटारींतील ब्रश क्वचितच झिजून संपलेले होते. वर्षाचे अकरा महिने बोट उघड्यावर उभी असते, एप्रिल-मेच्या उन्हात रबर वाळते, वळवाच्या पावसाचे पाणी झाकणावर साचते, गेल्या पुराचा गाळ ब्रॅकेटच्या सांध्यांत तसाच असतो, आणि जुलैत एका रात्री त्या मोटारीकडून शंभर किलो वजन उचलण्याची अपेक्षा केली जाते. महिन्यातून एकदा बॅटरी जोडून इंजिन पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेले, शेवटाला पोहोचल्यावर आवाज बदलताच बटण सोडले, ब्रॅकेटच्या निपलमधून ग्रीस भरले आणि पूर ओसरल्यावर गोड्या स्वच्छ पाण्याने गाळ धुऊन काढला, तर मोटार उघडण्याची वेळ अनेक वर्षे येणार नाही. याला कारागीर लागत नाही, गावातील कोणीही जबाबदार माणूस अर्ध्या तासात हे करू शकतो.

म्हणून चिकोडी, निपाणी, अथणी, रायबाग आणि खानापूर या तालुक्यांत बोटी बाळगणाऱ्या सर्व कार्यालयांना, ग्रामपंचायतींना आणि मंडळांना आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे. मृग निघण्यापूर्वी प्रत्येक बोट प्रत्यक्ष पाण्यात उतरवावी, टिल्ट दहा वेळा वर-खाली करून पाहावा, आणि त्यानंतरच तिची गणना बैठकीच्या अहवालात व्हावी. बोट चालवणाऱ्या प्रत्येकाला हाताने सोडण्याचा स्क्रू प्रत्यक्ष हात लावून दाखवावा, त्याच्याकडून तो एकदा सोडवून आणि आवळून घ्यावा, आणि ती कृती मराठी व कन्नड दोन्ही भाषांत लिहून इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावी. या बोटींवर दोन्ही भाषांची मुले खांद्याला खांदा लावून काम करतात आणि रात्री, पावसात, इंग्रजी पुस्तिका कोणी उघडत नाही. मोटार बंद पडल्यास संच बदलण्याचा प्रस्ताव पाठवण्यापूर्वी ती जवळच्या रिवाइंडिंगवाल्याकडे किंवा सेल्फ-डायनॅमोचे काम करणाऱ्याकडे नेऊन उघडून पाहावी. शेतीपंपांमुळे आपल्या भागात असे हात गावोगाव आहेत, आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत तर हायड्रॉलिकचे सील मापानुसार मिळवून देणारी माणसेही आहेत.

माझ्याकडून होईल तेवढे मी करीन. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत नदीकाठच्या कोणत्याही गावाने पूरबोटीची टिल्ट मोटार माझ्या दुकानात आणली तर ती उघडणे, तपासणे आणि साफ करणे यांची मजुरी मी घेणार नाही. लागणाऱ्या सुट्या भागांचे पैसे तेवढे द्यावेत. मोटार काढताना तारांचे रंग कागदावर लिहून आणावेत आणि कृपया तिच्यावर हातोडी मारू नये.

कळावे,
आपला विश्वासू,
एक मोटार रिवाइंडिंग कारागीर,
निपाणी, जि. बेळगाव